आजीच्या डब्यातल्या गुंड्या: क्रोशे, लोकर आणि दागिन्यांत जुनी बटणं कशी लावायची

आमच्या बेळगावात जुनी माणसं बटणाला अजून गुंडीच म्हणतात आणि कन्नडमध्ये पण गुंडीच, त्यामुळं शहापुरातल्या कुठल्याही जुन्या टेलरकडं जाऊन मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, गुंडी म्हटलं की डबा पुढं येतोच. असाच एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा माझ्या आजीचा होता, तो आता माझ्याकडं आहे, आणि गेली बरीच वर्षं मी त्यातली बटणं क्रोशेच्या, लोकरीच्या वस्तूंत आणि दागिन्यांत वापरतेय. बऱ्याच जणी विचारतात कसं करतेस म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

सगळ्यात आधी माझा एक नियम सांगते, पुढचं सगळं त्यावरच आहे. जुनं बटण कापायचं नाही, त्याला भोक पाडायचं नाही, आणि गोंद तर अजिबात लावायचा नाही. नेटवर बघाल तर मागचा दांडा पक्कडीनं कापतात आणि ग्लू गननं अंगठीवर चिकटवतात, मला ते बघवत नाही. बटण शिवायसाठी केलेलं असतं, त्याला भोकं नाहीतर कडी असतेच, तेवढ्यावर भागवायचं, म्हणजे उद्या दागिना जुना झाला तरी बटण जसंच्या तसं परत डब्यात जातं आणि पुढच्या कुणाला तरी वापरता येतं.

बटणं कुठून आणायची, तर आधी घरातनंच. भांडीवाली आली की आपण जुन्या कपड्यांचं बोचकं देऊन पातेलं घेतो, त्याआधी कपड्यांची बटणं काढून घ्या. ओढून काढू नका, बटण थोडं उचलून खालचा दोरा बारीक कात्रीनं कापा. एका कपड्याची सगळी बटणं एकाच दोऱ्यात ओवून ठेवा आणि कागदाच्या चिठ्ठीवर कुणाच्या कशाची ते लिहा, कारण सहाचा सेट सुटला की परत जुळत नाही. पण एखादा जुना कोट धडधाकट असेल तर नुसत्या बटणांसाठी तो उसवू नका हं, तो कोट तसाच जास्त मोलाचा आहे. दुसरी जागा म्हणजे म्हातारे टेलर. एका टेलरमामांनी दुकान बंद करताना मला पुठ्ठ्याला टाचलेली बटणं तशीच दिली, म्हणाले, "घेऊन जा ताई, ह्या गुंड्या आता कुठं मिळत्यात, आता सगळं प्लास्टिकच." त्यांच्याकडनंच मी माप शिकले. बटणाचं माप लाईनमध्ये असतं, 40 लाईन म्हणजे 1 इंच. शर्टाचं बटण बहुतेक 18 लाईन, म्हणजे साडेअकरा मिलीमीटरच्या आसपास, कोटाच्या बाहीचं 24 लाईन म्हणजे 15 मिलीमीटर, आणि कोटाच्या पुढचं 32 लाईन म्हणजे 20 मिलीमीटर. क्रोशेचं काज किती मोठं ठेवायचं ते ह्यावरच ठरतं म्हणून लक्षात ठेवा.

आता बटण कशाचं आहे ते ओळखणं, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते, कारण इथं चुकलं की बटण जातं. माझ्या हातून गेलेली आहेत. आजीच्या डब्यात हस्तिदंती रंगाची आठ सुंदर बटणं होती, मी ती प्लास्टिक समजून साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत टाकली, सकाळी बघते तर फुगून वाकडी झालेली, दोनांना चिरा, आणि वरची चकाकी गेलेली. ती केसीनची होती, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेली, फॉर्मालीनमध्ये मुरवून कडक करतात. अशी बटणं पाणी पितात. आजीच्या कुठल्या झंपरची होती कुणास ठाऊक, आता विचारायला ती पण नाही, आणि मला ते अजून लागतं.

तर ओळखायचं कसं. शिंपल्याचं बटण गालाला लावून बघा, थंडगार लागतं आणि प्लास्टिकपेक्षा जड असतं, उजेडात फिरवलं की आतले थर हलल्यासारखे चमकतात आणि मागच्या बाजूला कधीकधी शिंपल्याची तपकिरी साल दिसते. काच पण थंड लागते पण ती आणखी जड, आणि टेबलावर हळू टेकवली तरी आवाज वेगळा. हाडाच्या बटणावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघा असतात. बेकेलाईट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक, जे बेकलंड यांनी 1907 साली अमेरिकेत शोधलं, ते गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच हुंगलं तर फिनाईलसारखा उग्र वास येतो. पण गरम पाण्याची परीक्षा बटण केसीनचं नाही ह्याची खात्री असेल तरच करा, मी तर आता आधी कोरड्या अंगठ्यानं जोरात घासून वास घेते. घासून कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, हे पण एक जुनं प्लास्टिकच. हे लगेच पेट घेतं म्हणून सुई तापवून टोचून बघायची जी पद्धत सांगतात ती कधीच करू नका, कुठल्याच बटणावर नको, भोक कायमचं राहतं ते वेगळंच.

सेल्युलॉइडचं आणखी एक. जुनं झालं की ते आतनं कुजायला लागतं, त्यातनं आम्ल वाफ सुटते आणि शेजारची धातूची बटणं गंजतात, बाकीची सेल्युलॉइडची पण बिघडतात. डब्यात एखादं बटण चिकट झालंय, भेगाळलंय, आणि आजूबाजूचे हुक हिरवे किंवा गंजके झालेत असं दिसलं तर तेच कारण, ते बटण लगेच बाहेर काढा. आणि सेल्युलॉइडचं बटण दागिन्यात, त्यातही चांदीबरोबर, वापरूच नका.

साफसफाई फार करू नका. शिंपल्याला लिंबू, व्हिनेगर, चिंच काहीही आंबट लावायचं नाही, शिंपला म्हणजे चुनाच, आंबट लागलं की विरघळायला लागतो. ओलसर मऊ फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. लाकूड, केसीन, कापड चढवलेली बटणं फक्त कोरडी पुसायची, भोकांतला मळ टूथपिकनं. साधी प्लास्टिकची कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं. पितळेच्या बटणांना आपल्याकडं लगेच चिंच किंवा पितांबरी घेऊन बसतात पण ती नक्षीत अडकून पांढरी पडते, आणि वर्षानुवर्षांचा जो काळसर रंग असतो तो गेला की उठाव पण जातो. मी नुसती फ्लॅनेलनं घासते.

पितळेच्या बटणांवरनं आठवलं, आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीत एक तरी माणूस मराठा लाईट इन्फंट्रीतला असतोच, सेंटर बेळगावातच 1922 पासून आहे, आणि घराघरात आजोबांच्या कोटाची बटणं असतात. अशी बटणं उलटी करून बघा, मागच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम असं कोरलेलं सापडतं, त्यावरनं बटण कुठलं ते कळतं. ती चकचकीत करायला शिपायांकडं खाचेची पितळी पट्टी असायची, बटणाखाली सरकवायची म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. तुम्हाला जोडलेलंच बटण पुसायचं असेल तर जाड पुठ्ठ्याला खाच पाडून तसंच करा. पण ही बटणं कानातल्यात घालण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, माझ्या मते ती एका चौकटीत नाहीतर गळ्यात एकच, मानानं लावावीत.

आता प्रत्यक्ष काम. लोकरीच्या विणीवर बटण लावताना दोन गोष्टी. एक, विणीच्या मागच्या बाजूला एक छोटं साधं शर्टाचं बटण ठेवा आणि वरचं जुनं बटण, मधे वीण, खाली छोटं बटण असं एकत्र शिवा, म्हणजे जड बटणानं लोकर ओढली जात नाही, भोक पडत नाही. दोन, बटणावर आगपेटीची एक काडी आडवी ठेवून तिच्यावरनं टाके घ्या, मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खालच्या सुट्या दोऱ्याला पाच-सहा वेढे देऊन गाठ मारा. असा दोऱ्याचा देठ झाला की जाड लोकरीत काज नीट बसतं, नाहीतर बटण रुतून बसतं आणि काठ चुण्या पडतात. जुन्या शिंपल्याच्या आणि काचेच्या बटणांच्या भोकांच्या कडा धारदार असतात, दोरा कापतात, म्हणून सुती दोरा दुहेरी घ्या आणि मेण लावून घ्या.

ज्याला मागं कडी आहे असं बटण मी स्वेटरला शिवतच नाही. विणीतनं कडी मागं काढायची आणि तिच्यात किल्लीच्या रिंगसारखी बारीक दुपदरी रिंग घालायची. धुवायच्या वेळी रिंग काढली की बटण हातात. पावसाळ्यात बेळगावात लोकर चार-चार दिवस वाळत नाही, तेवढे दिवस बटण ओल्यात राहून आतली लोखंडी कडी गंजते आणि स्वेटरवर पिवळा डाग पडतो, तो निघत नाही.

ही युक्ती माझी नाही, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या सदऱ्याची. चांदीची चार बटणं बारीक साखळीनं जोडलेली, सदऱ्याच्या दोन्ही पट्ट्यांना काजं, मागनं रिंग, कपडा धुवायला टाकताना बटणं काढून ठेवायची. ज्यांच्या घरी असा सेट आहे त्यांनी तो मोडून सराफाला देऊ नका, गळ्यातलं करा. मी केलंय, सांगते. गुळेदगुड्डच्या खणाची पट्टी घ्या, काठ आला तर छानच, तयार रुंदी दीड इंच, लांबी गळ्याच्या मापापेक्षा दोन इंच कमी. आतनं सुती अस्तर लावा आणि मधे पातळ कॅनव्हास, नाहीतर चांदीच्या वजनानं पट्टी वाकते. बटणं साखळीसकट पट्टीवर ठेवून बघा, साखळी बटणांच्या मधे थोडी झोळ पडून राहिली पाहिजे, ताणलेली नको, मग जिथं बटण येतं तिथं पेन्सिलीनं खूण. खुणेवर टोच्यानं भोक करा, कात्रीनं कापू नका, टोच्यानं धागे नुसते बाजूला सरकतात. भोकाच्या कडेनं काजटाका घाला, अगदी जवळजवळ, खणाच्याच रंगाच्या रेशमी दोऱ्यानं. मग बटण पुढनं घालून मागं रिंग. पट्टीच्या दोन टोकांना गोफ हवा, तो मी पटवेकऱ्याकडनं करून घेते, मंगळसूत्र गाठवतात तसा सरकत्या गाठीचा, त्याचा हात आपल्याला येत नाही. पुढच्या संक्रांतीला काळ्या खणावर हीच बटणं, आणि वाटलं तर मुलाच्या मुंजीत परत सदऱ्यावर.

क्रोशेचं मनगटातलं तर एका संध्याकाळी होतं. अँकरचा जाड सुती दोरा, अडीच मिलीमीटरची सुई, मनगटाच्या मापाएवढी साखळी, त्यावर सिंगल क्रोशेच्या चार ओळी. शेवटच्या ओळीच्या टोकाला साखळीची कडी करायची आणि ती दर दोन साखळ्यांनी बटणावरनं घालून बघायची, बटण जरा जोर लावून गेलं पाहिजे. सहज गेलं तर आठ दिवसांत सैल होऊन मनगटातनं पडणार. बटण 24 लाईनच्या आसपासचं घ्या, आणि वरनं तीन-चार वेगवेगळी शर्टाची बटणं ओळीनं, एकाच रंगाच्या वेगवेगळ्या छटांची.

कानातल्यात शिंपल्याची बटणं फार सुंदर दिसतात, पण तार ओढून पिळली की भोकाची कड तुटते, म्हणून तंगूस किंवा रेशमी दोऱ्यानंच छोट्या कडीला बांधा आणि गाठ बटणाच्या मागं ठेवा. हुक चांदीचा, स्वस्तातल्या हुकात निकेल असतं आणि बऱ्याच जणींचे कान चिघळतात. तान्ह्या पोरांच्या कुंची-स्वेटरला मात्र जुनी बटणं नकोत, सुटलं की तोंडात जातं, आणि रंग दिलेल्या जुन्या धातूच्या बटणात शिसं पण असू शकतं. बांधायचे बंद द्या. तसंच वाकळेवर, आपल्याकडं कौदी म्हणतात तिच्यावर, बटणं नकोत, झोपताना टोचतात. भिंतीवर लावायचा छोटा तुकडा करत असाल तर धावदोऱ्याच्या रांगा जिथं भेटतात तिथं एकेक बटण लावा, तीन थर एकत्र पकडले पण जातात.

उरलेली बटणं हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नका. कागदाच्या पाकिटांत जातवार, शिंपला वेगळा, धातू वेगळा, कापराचा वास येणारी एकदम लांब दुसऱ्या कपाटात, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातनं एकदा पाकिटं उघडून बघा, ऊन पडलेलं असेल त्या दिवशी.