वीजतारांजवळच्या झाडांची छाटणी कशी आखावी

तारेजवळची फांदी किती कापायची, हे आज ती तारेपासून किती लांब दिसते यावरून ठरवू नये. पुढची छाटणी होईपर्यंतच्या सर्वांत वाईट दिवशी तार कुठे असेल आणि फांदी कुठे असेल, हे आधी काढावे लागते. कडक उन्हात, विजेचा भार चढलेला असताना तार तापून लांबते आणि तिचा झोळ, म्हणजे मधोमध खाली लोंबणे, वाढतो. वादळात ती आडवी झुलते. फांदी पावसाने जड होऊन वाकते, आणि दरम्यान वाढतही असते.

हा झोळ किती महाग पडू शकतो याचे उदाहरण नोंदलेले आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणे अनेक होती, पण सुरुवातीच्या साखळीत ओहायओतील ३४५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तीन वाहिन्या होत्या. त्या ठरलेल्या क्षमतेच्या आतच भार वाहत होत्या, तरी झोळ येऊन खाली वाढलेल्या झाडांना भिडल्या आणि एकामागोमाग बंद पडल्या.

पाहणी

गाळा म्हणजे दोन खांबांमधले अंतर. पाहणी गाळ्यागाळ्याने करा आणि प्रत्येक झाडासमोर खांबांचे क्रमांक, झाडाची जात, बुंध्याचा घेर, उंची, झाड तारेच्या खाली आहे की बाजूला की वर झुकलेले, आणि सर्वांत जवळच्या फांदीचे अंतर लिहा. झाड गाळ्यात नेमके कुठे आहे तेही लिहा, कारण झोळ आणि झोका दोन्ही गाळ्याच्या मध्यावर सर्वाधिक असतात. खांबाजवळच्या झाडाला पुरणारे अंतर मध्यावरच्या झाडाला पुरत नाही.

तारेजवळ टेप, बांबू किंवा काठी धरून मोजू नका. जमिनीवर उभे राहून लेझर अंतरमापक किंवा कोनमापक वापरा. थंड सकाळी तार ताणलेली असते, त्यामुळे तेव्हा मोजलेले अंतर फसवे असते. पाहणी सकाळी केली असेल, तर वाढीव झोळ हिशोबात वेगळा धरा.

वाहिनीचा दाब (व्होल्टेज) अंदाजाने लिहू नका. एकाच खांबावर साधारणपणे वर उच्चदाब, त्याखाली लघुदाब आणि सर्वांत खाली टेलिफोन किंवा केबल असते, पण खात्री वीज कंपनीकडूनच करून घ्या. तारेवर काळे आवरण दिसले म्हणून ती हात लावण्याजोगी समजू नका. बरीच आवरणे फांदीचा क्षणिक स्पर्श सहन करण्यापुरतीच असतात, आणि ऊन-पावसाने त्यांना तडे जातात.

किती अंतर मोकळे करायचे

वीज कंपनीच्या तक्त्यातले किमान अंतर हा पाया. त्यावर तारेची आणि फांदीची हालचाल, आणि छाटणीच्या चक्रातली वाढ चढवायची. समजा किमान अंतर १.२ मीटर आहे आणि छाटणी दर दोन वर्षांनी होते. बाजूच्या झाडासाठी तारेचा झोका ०.६, फांदीचा झोका ०.६ आणि वर्षाला ०.९ प्रमाणे दोन वर्षांची वाढ १.८ मीटर धरली, तर एकूण ४.२ मीटर होतात. तारेखालच्या झाडासाठी झोका नव्हे, झोळ मोजायचा: १.२ अधिक वाढीव झोळ ०.५ अधिक शेंड्याची दोन वर्षांची वाढ २.४, म्हणजे ४.१ मीटर. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या वाहिनीचे आणि तुमच्या जातीचे आकडे घाला.

इथे एक चूक वारंवार होते. वाढीचा आकडा न छाटलेल्या झाडाचा घेतला जातो. छाटलेल्या झाडाचे फुटवे पहिल्या वर्षी नेहमीच्या वाढीपेक्षा बरेच वेगाने येतात, कारण मुळे आणि खोडातला साठा तेवढाच राहतो आणि पाने कमी झालेली असतात. म्हणून मागच्या छाटणीनंतरचे फुटवे मोजून तोच आकडा वापरावा.

हिशोबाने निघालेले अंतर गाठायला हिरव्या पसाऱ्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग काढावा लागत असेल, तर ते झाड तिथे टिकवण्याचा हट्ट सोडावा. म्हाताऱ्या झाडाला तर चौथा हिस्साही जड जातो.

परवानगी आणि वीजबंदी

प्रशिक्षण नसलेल्या माणसाने आणि त्याच्या हातातल्या कोणत्याही अवजाराने ५० केव्हीपर्यंतच्या वाहिनीपासून किमान ३ मीटर लांब राहावे, असा नियम अनेक देशांत आहे. दाब वाढला की अंतरही वाढते. फांदी, शिडी, दोर, करवत यांपैकी काहीही त्या पट्ट्यात जाणार असेल, तर काम वीज कंपनीचे किंवा तिने मान्य केलेल्या पथकाचे. लांब दांड्याच्या करवतीचा दांडा फायबरचा असला, तरी तो ओला किंवा मळका असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. ॲल्युमिनियमची शिडी वाहिनीच्या आसपास आणूच नये.

वीजबंदी ठरवताना फक्त स्विच उघडून चालत नाही. परमिट, म्हणजे वीज कंपनीची कामाची परवानगी, लेखी हवे, त्यात कोणते खांब ते कोणते खांब हे लिहिलेले हवे. स्विचला कुलूप आणि पाटी लावावी, तार मृत असल्याचे तपासावे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे, म्हणजे तार जमिनीशी जोडावी. दोन्ही बाजूंना का? कारण कुणाच्या घरातला जनरेटर, इन्व्हर्टर किंवा छतावरचे सौर संच चुकीने जोडलेले असतील, तर वीज रोहित्रातून उलटी जाते. रोहित्र दोन्ही दिशांना चालते, त्यामुळे घरातला दाब उच्चदाब तारेवर हजारो व्होल्ट होऊन उभा राहतो. शेजारून समांतर जाणारी चालू वाहिनीही बंद तारेत दाब निर्माण करू शकते.

छाट कुठे आणि कशी

सगळ्या झाडांचे शेंडे एका सरळ रेषेत उडवणे हा सर्वांत झटपट दिसणारा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. तोडलेल्या टोकाखाली सालीतल्या सुप्त डोळ्यांतून डझनभर फुटवे येतात. ते फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात, त्यामुळे वाऱ्यात सहज मोडतात आणि नेमके तारेवर पडतात. मूळ जखम कुजत जाते ती वेगळीच.

त्याऐवजी झाडाला दिशा द्यावी. तारेकडे जाणारी फांदी मागे जोडापर्यंत काढायची आणि तारेपासून लांब जाणारी ठेवायची. फांदी पूर्ण न काढता आखूड करायची असेल, तर ज्या उपफांदीपाशी कापाल तिची जाडी मूळ फांदीच्या किमान एकतृतीयांश हवी. एवढी उपफांदी पुढची वाढ आपल्याकडे ओढते आणि फुटवे कमी येतात.

जाड फांदी तीन छाटांत उतरवावी. पहिली छाट खालून, खोडापासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर, जाडीच्या पाव भागाइतकी खोल. दुसरी वरून, त्याहून काही सेंटीमीटर बाहेर. फांदी इथे सुटते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसरी छाट उरलेल्या ठुंठाची, फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या लगेच बाहेर. फुगवटा कापू नये, कारण जखम बुजवणाऱ्या पेशी तिथेच असतात. ठुंठही ठेवू नये. जखमेला रंग किंवा डांबर फासण्याने कूज थांबत नाही. जखम उघडी सोडावी.

तारेच्या वर आलेली फांदी दोर बांधून, लहान तुकड्यांतच उतरवायची, आणि तीही वीजबंदीतच. २० सेंटीमीटर जाडीचा फक्त दोन मीटरचा ओला तुकडा ५५ ते ६० किलोच्या आसपास भरतो, आणि झटका बसताना दोरावर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. खाली एक माणूस फक्त निरीक्षणासाठी ठेवावा. त्याला दुसरे काम देऊ नये. वारा वाढला, पाऊस आला किंवा गडगडाट ऐकू आला की काम थांबवावे.

ताड, नारळ यांना एकच वाढीचा कोंब असतो. शेंडा तोडला की झाड मेले, म्हणून तारेखालचा माड एकतर काढावा किंवा वेळेत दुसरीकडे हलवावा. बांबूचे नवे कोंब थोड्या आठवड्यांत कित्येक मीटर चढतात. तो मधे तोडून उपयोग नाही, जमिनीलगत काढावा आणि वाढीच्या हंगामात पाहणी वाढवावी. खांबावर किंवा ताणतारेवर (खांबाला आधार देणाऱ्या तिरक्या तारेवर) चढलेली वेल ओढू नये, लाइनमनला कळवावे.

फांदी तारेवर पडली तर

फांदी ही अर्धवट वाहक आहे. तिच्यातून जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की फ्यूज जळत नाही, ब्रेकर पडत नाही, आणि तार जिवंतच राहते. म्हणून ठिणगी नाही, आवाज नाही, तरी किमान १० मीटर लांब राहावे आणि वीज कंपनीला कळवावे. वाहन तारेला लागले असेल तर आत बसून राहावे. आग लागली तरच, वाहन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता सरकत दूर जावे.

हंगाम आणि नोंद

काम वादळी हंगामाच्या आधी संपेल असे लावावे, पण घरटी तपासून. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील आणि फांदी तातडीची नसेल, तर तो गाळा यादीत मागे ढकलावा. तारेला लागलेल्या, मेलेल्या आणि कललेल्या झाडांना आधी घ्या. मग झपाट्याने वाढणाऱ्या जाती, मग बाकीच्या.

छाटणी झाली की प्रत्येक झाडासमोर तारीख आणि मोकळे केलेले अंतर लिहा. वर्षभराने त्याच ठिकाणचे फुटवे पुन्हा मोजा. दोन वर्षांसाठी धरलेली वाढ एकाच वर्षात खर्ची पडली असेल, तर त्या जातीचे चक्र लगेच आखूड करावे किंवा ते झाड काढून त्या जागी पूर्ण वाढूनही ५-६ मीटरच्या आत राहणारी जात लावावी.