आई पूर्णवेळ शिकायला लागली की घरखर्च कसा बसवावा

दोन पगारांच्या घरातला एक पगार थांबतो तेव्हा काटकसरीची पहिली कात्री बहुधा दूध, फळे आणि मुलांच्या खाऊवर चालते. आमच्या पाचोऱ्याच्या घरीही तेच झाले. पत्नीने नोकरी सोडून जळगावला बी.एड.ला प्रवेश घेतला आणि आम्ही महिन्याला एक लिटर तेल वाचवण्याच्या मागे लागलो. त्याच महिन्यांत आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून शेवभाजीचे पार्सल येत होते, कारण संध्याकाळी सात वाजता स्टेशनावरून परतलेल्या माणसात कांदा-खोबरे भाजून वाटण करण्याचे त्राण उरत नव्हते आणि मला तेव्हा वाटण येत नव्हते. पहिल्या सत्राअखेर हिशेबाची वही उघडली तेव्हा लक्षात आले की आमचा खर्च वेळ संपल्यामुळे वाढला होता. घरात राहणाऱ्या जोडीदाराने पुढील पायऱ्या वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पहिली पायरी प्रवेशाच्या आधीची आहे. नोकरी सुटण्यापूर्वी किमान तीन महिने घर एकाच पगारावर चालवून पाहावे आणि दुसरा पगार जमा झाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळता करावा. या सरावात कोणते खर्च खरोखर टाळता येतात ते कागदावरच्या अंदाजपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते आणि साठलेले तीन पगार अडीअडचणीसाठी हाताशी राहतात. बी.एड. हा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा आहे. हिशेब मात्र चोवीस महिन्यांचा न धरता नोकरी लागेपर्यंतचे आणखी काही महिने त्यात मिळवावेत. आरोग्य विम्याचा हप्ता या काळात कधीही थांबवू नये, कारण एका पगारावरच्या घराला रुग्णालयाचे एक बिलही उभे आडवे करू शकते.

शुल्काबाबत चौकशी लवकर करावी. महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थिनींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ मिळत नाही, त्यामुळे घराजवळचे महाविद्यालय मिळते म्हणून कोट्यातून प्रवेश घेण्याआधी दोन वर्षांची बेरीज करून पाहावी. आपला अभ्यासक्रम आणि प्रवर्ग त्यात बसतो का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा. जूनमध्ये सेतू केंद्रावरची रांग पाहिली की या सूचनेचे कारण कळेल.

प्रवासात बचत सोपी आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट लागते, परंतु रोजचे जाणे-येणे असेल तर महाविद्यालयाच्या दाखल्यावर मिळणारा विद्यार्थी पास अधिक स्वस्त पडतो. पाचोरा, भुसावळ, चाळीसगाव किंवा धरणगावसारख्या रेल्वेमार्गावरच्या गावांतून जळगावला जाणाऱ्यांनी रेल्वेच्या मासिक पासाचीही तुलना करावी. तुलना करताना स्टेशनापासून महाविद्यालयापर्यंतची रिक्षा धरायला विसरू नये; आम्ही विसरलो होतो, आणि पासावर वाचलेले पैसे रिक्षात गेले.

आता स्वयंपाकघर. खानदेशी घराला वर्षभराचे धान्य भरण्याची आणि उन्हाळ्यात वाळवणे घालण्याची सवय आहेच. तिचा उपयोग या वेळी नेमका होतो, कारण प्रवेश पावसाळ्यात होतात आणि धान्याचा हंगाम त्याआधी येतो. तूरडाळ, दादर ज्वारी आणि गहू हे सारे जानेवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे दुसरा पगार अजून येत असताना, एकरकमी भरून घ्यावे. लाल मिरचीचेही तसेच. नंदुरबारच्या बाजाराचा माल आला की वर्षाचे तिखट करून ठेवावे. डाळीला एरंडेल तेलाचा हात आणि गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला असला की कीड लागत नाही. बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, कुरडया आणि डाळीचे वडे एप्रिल-मे मध्ये गच्चीवर घालावेत, कारण भाजी नसलेल्या दिवशी रश्श्यात सोडलेल्या मूठभर वड्यांवर चार माणसांचे जेवण निघते.

तरीही भरलेली कोठी थकलेल्या संध्याकाळी आपोआप ताटात येत नाही, म्हणून रविवारचे दोन तास ठरवून द्यावेत. आमच्याकडे मी आता दर रविवारी अर्धा किलो कांदे थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजतो, सुके खोबरे तव्यावर परततो आणि लसूण, आले, कोथिंबिरीसह वाटून त्याचे चार डबे फ्रीजमध्ये ठेवतो. त्यांतले दोन फ्रीझरमध्ये जातात. एक डबा, घरची शेव आणि उकळते पाणी एवढ्यावर पंधरा मिनिटांत शेवभाजी होते. बट्ट्या रविवारी वाफवून ठेवल्या तर सोमवारी केवळ कापून तळाव्या लागतात आणि कुकरच्या वरणाबरोबर जेवण उरकते. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी कळण्याची भाकरी. चार वाटे ज्वारीला एक वाटा अख्खे उडीद या प्रमाणात पीठ आधीच दळून आणलेले असावे. मग ठेचा आणि कच्चे तेल असले की भाजीची वाट कोणी पाहत नाही. माझ्या पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले होते, हे येथे कबूल केलेले बरे. पण पार्सल महिन्यातून एकावर आले ते त्याच नकाशांमुळे.

विजेच्या बिलात लहानसहान दिवे मालवण्यापेक्षा उन्हाळ्याचा विचार महत्त्वाचा, कारण जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. 100 युनिटांनंतर आणि पुन्हा 300 युनिटांनंतर वरच्या प्रत्येक युनिटाला जास्त दर लागतो. 200 वॅटचा कूलर दहा तास चालला तर दिवसाला 2 युनिट, महिन्याला 60 युनिट होतात. वातानुकूलन यंत्र तेवढे युनिट काही दिवसांतच जाळते. अभ्यासाला बसणाऱ्या आईची आणि मुलांची खोली एकच ठेवली तर एका कूलरवर भागते, आणि मुलेही पुस्तक घेऊन बसतात. मोबाइलचे 28 दिवसांचे रिचार्ज वर्षात बाराऐवजी तेरा वेळा करावे लागते, म्हणून मोठ्या मुदतीच्या योजनेशी त्याची तुलना करावी.

लग्नसराईतला आहेर, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणे-येणे आणि श्रावणातली कानबाई देवीची पूजा हे खर्च कापायला अवघड असतात, कारण त्यांत माणसे गुंतलेली असतात. यावर एकच उपाय आम्हाला लागू पडला: दोन वर्षे सर्वांना सारखाच ठरावीक आहेर करायचा आणि तसे थोरल्या मंडळींना आधीच सांगून टाकायचे. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंद मिळून करतातच, तेथे आपला वाटा धान्याने द्यावा. घरात भरलेला गहू येथेही उपयोगी पडतो.

दुसऱ्या वर्षासाठी थोडी रक्कम निराळी ठेवावी. बी.एड.ची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, एकूण 20 आठवड्यांची असते आणि तिचा मोठा भाग दुसऱ्या वर्षात येतो. त्या काळात शिकवणी घेऊन चार पैसे मिळवायला वेळ राहत नाही, शाळा वेगळ्या रस्त्याला मिळाली तर पास उपयोगी पडत नाही, आणि पाठाचे तक्ते, प्रतिकृती, फाइली यांचा खर्च आठवड्यागणिक निघतो. तक्त्यांसाठी आम्ही जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या बाजू वापरल्या. पाठ टाचणाच्या वह्या मात्र घाऊक दुकानातून डझनाने आणाव्यात, कारण आदल्या रात्री दहा वाजता लागणारी वही नेहमी महागच मिळते.