एका उंबराच्या आधाराने निसर्गातील परस्परावलंबन कसे पाहावे

अन्नसाखळीची पाठ्यपुस्तकातील आकृती पानापासून सुरू होऊन बहुधा घारीवर किंवा वाघावर संपते, आणि विघटकांना तिच्यात कोपऱ्यातली एखादी चौकट मिळते. प्रत्यक्षात झाडाने तयार केलेल्या पानाफळांचा सर्वाधिक वाटा कोणी न खाता त्याच्या बुंध्याभोवती पडलेल्या पाचोळ्यात संपतो. हे स्वतः पाहायचे असेल तर पुण्यात उंबरासारखे सोयीचे झाड नाही, कारण ते मुळा-मुठेच्या काठांवर आणि जुन्या सोसायट्यांच्या आवारात सहज सापडते आणि त्याची फळे खोडावरच, हाताशी येतात. प्रयोगासाठी झाड मात्र आवारातले, परवानगी घेऊन निवडावे. टेकड्यांवरील वनजमिनीत काही पुरू नये किंवा तेथून काही उचलू नये.

सुरुवात फळापासून करावी. उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे आपण एरवी म्हणतो. येथे नेमके तेच करायचे आहे. नुकतीच तांबूस होऊ लागलेली, भोक न पडलेली चार-पाच फळे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला तलम कापड बांधावे. एकदोन दिवसांत बारीक काळसर माश्यांसारखे कीटक बाहेर येऊ लागतात. फळ उभे चिरल्यास आत शेकडो फुले दिसतात, कारण उंबराचे फळ म्हणजे आतल्या बाजूस वळलेला फुलोराच होय. या कीटकांची मादी फळाच्या टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, आणि काही फुलांत अंडी घालत, काहींवर पराग टाकत ती तेथेच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर आधी बाहेर येऊन भुयार खोदतात व पराग घेतलेल्या माद्या त्यातून उडून जातात. बरणीत लांबलचक शेपटीसारखी नळी असलेले कीटकही आढळतील. हे परागीभवन न करता बाहेरूनच फळात अंडी घालणारे उपरे आहेत, आणि खोडावर फिरणाऱ्या मुंग्या त्यांना बऱ्याच अंशी आवर घालतात.

पिकलेल्या फळांवर तांबट, कोकीळ, हरियाल आणि रात्री वटवाघळे येतात. बी कोठे पोहोचते हे पाहण्यासाठी पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतील रोपे पाहणे पुरेसे आहे.

आता पाचोळा. पावसाळ्यापूर्वी याच झाडाची गळलेली पाने गोळा करून कडक उन्हात वाळवावीत आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पन्नास-पन्नास ग्रॅमचे सहा वाटे करावेत. तीन वाटे मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्यांत आणि तीन कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पुण्यात पाऊस स्थिरावू लागतो तेव्हा, सर्व पिशव्या खूणगाठीसह पाचोळ्याखाली ठेवाव्यात. जून, जुलै आणि ऑगस्ट यांच्या अखेरीस प्रत्येकी एकेक जोडी काढावी. माती झटकून पाने पुन्हा पूर्ण वाळवल्याशिवाय वजन करू नये. ओल्या पानांचे वजन हमखास फसवते.

बारीक जाळीत बुरशी, जिवाणू आणि अतिसूक्ष्म प्राणी शिरतात. मोठ्या जाळीत वाणी, म्हणजे शिवताच वेटोळे करणारा पैसा, गोगलगायी आणि गांडुळेही पोहोचतात. म्हणून दोन पिशव्यांतील घटीचा फरक हा ढोबळमानाने या कुरतडणाऱ्यांच्या कामाचा हिशोब असतो. कांद्याच्या पिशवीतून चुराही गळतो, त्यामुळे ती कागदावर अलगद उचलावी, अन्यथा फरक फुगतो. पैसा पान कुरतडतो तेव्हा त्यातले बरेचसे अर्धपचितच बाहेर पडते. त्या बारीक चुऱ्यावर बुरशीला पसरायला अधिक पृष्ठभाग मिळतो. पान उलटून पाहिल्यास शिरांवर पांढऱ्या तंतूंचे जाळे स्पष्ट दिसते. या सर्वांच्या कामातून मोकळी झालेली नत्र, स्फुरद यांसारखी द्रव्ये उंबराची मुळे पुन्हा शोषून घेतात. सातभाईंचा थवा पाने उलथवत फिरतो तो याच प्राण्यांसाठी.

हाच प्रयोग एखादी जोडी वाढवून गिरिपुष्पाच्या पानांवर अवश्य करावा. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेल्या या परदेशी झाडाची नत्रयुक्त पाने उंबरापेक्षा लवकर कुजतात. मात्र लवकर कुजणे म्हणजे अधिक जीवांचा आधार असे समजू नये: पाने मातीत मिसळली तरी तांबटाला लागणारे फळ त्या झाडाला येत नाही.

प्रयोगाच्या काळात सफाई कर्मचाऱ्यांना बुंध्याभोवतीचे वर्तुळ न झाडण्याची आठवण करून द्यावी. पाचोळा जाळल्यास त्यातील बहुतांश नत्र धुरावाटे हवेत जाते आणि राखेत पालाशसारखी खनिजे तेवढी उरतात. शेवटच्या वजनानंतर उरलेला चुरा बुंध्याशी पसरावा आणि कृत्रिम धाग्याच्या सर्व पिशव्या मोजून परत घ्याव्यात, कारण त्या कुजवणारे तेथे कोणीही नाही.