लाइट गेली तरी लॅब चालू: कोकणातून क्लाउड लॅबला जोडताना

क्लाउड लॅब म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये तुमच्यासाठी काही तास राखून ठेवलेलं मशीन. तुमच्या लॅपटॉपवर येते ती त्याची फक्त स्क्रीन, आणि तिकडे जातात ते तुमच्या कीबोर्ड-माउसचे इशारे. त्यामुळे कुडाळात लाइट गेली किंवा दापोलीत रेंज गेली, तरी तिकडचं मशीन चालूच असतं. अर्धवट इन्स्टॉलेशन, उघडी फाइल, सगळं जागच्या जागी राहतं. (एसएसएच म्हणजे दुरून कमांड टाइप करून मशीन चालवायची वाट. तिच्यावर चालवलेली स्क्रिप्ट याला अपवाद, तिचं पुढे बघू.) काम वाया जातं ते बहुतेक वेळा नंतर, घाबरून पोर्टलवरचं ‘एंड लॅब’ किंवा ‘रीसेट’ दाबलं जातं तेव्हा. लाइन गेली की ही दोन बटणं सोडून बाकी काहीही करून बघा.

कोणत्या वाटेने जायचं

प्रशिक्षण देणाऱ्यांकडून जे येतं, त्यावरून वाट कळते. नुसती लिंक असेल तर मशीन ब्राउझरमध्येच उघडतं. आरडीपी एक्स्टेन्शनची छोटी फाइल असेल तर विंडोज मशीन रिमोट डेस्कटॉपने उघडायचं. आयपी ॲड्रेस आणि की फाइल (पासवर्डऐवजी चालणारी) आली तर लिनक्स मशीन, एसएसएचने. व्हीपीएनची कॉन्फिग फाइल आली, तर आधी व्हीपीएन, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा, जोडायचा आणि मग आतल्या ॲड्रेसवर यांपैकी एका वाटेने जायचं. पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक असलेलं दार: ब्राउझरची वाट पोर्ट ४४३ वापरते, आरडीपी ३३८९ आणि एसएसएच २२. कॉलेज किंवा ऑफिसच्या वायफायवर बऱ्याचदा ४४३ सोडून बाकीची दारं बंद असतात, म्हणून दोन पर्याय दिले असतील तर आधी ब्राउझर.

रीजन, म्हणजे डेटा सेंटर कुठल्या भागातलं ते, निवडायची मुभा असेल तर जवळचा घ्या. ॲमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आणि गुगलचा २०१७ पासून आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे. रत्नागिरीहून चांगल्या फायबरवर मुंबई-पुण्यापर्यंतचा जाऊन-येऊन वेळ साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत राहतो, अमेरिकेतल्या रीजनला तो २०० च्या वर जातो. १५० पलीकडे गेलं की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायला लागतं, आणि मग स्पीड कितीही असला तरी हात अडखळतो. लॅबसाठी मोठा स्पीड लागतच नाही: कमांड आणि साध्या विंडोंच्या कामाला दीड ते तीन एमबीपीएस पुरतात. लागते ती न तुटणारी लाइन.

घरची लाइन आधी धड करा

फायबर असेल तर भिंतीवरचा डबा, म्हणजे ओएनटी, इन्व्हर्टरच्या सर्किटवर आहे का ते बघा. पुष्कळ घरांत पंखे-दिवे इन्व्हर्टरवर आणि ओएनटी मात्र साध्या प्लगवर असतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि नेट जातं. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. घेताना ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही मिळतात. व्होल्टेज तेच हवं, अँपिअर लेबलवर आहेत तितके किंवा जास्त. आठ-दहा वॉटच्या डब्याला ३० वॉट-तासांचा मिनी यूपीएस अडीच-तीन तास काढतो. डेस्कटॉपवाल्यांनी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात पीसी रीस्टार्ट होतो.

पावसाळ्यात ओएनटीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल दिसला, तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाही: कुठेतरी झाड पडून किंवा खांब कलंडून तार तुटली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. तक्रार नोंदवा आणि फोनवर या.

फोनवरून जोडताना यूएसबी केबलने टेदरिंग करा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा ते स्थिर असतं आणि फोनही चार्ज होत राहतो, अर्थात लॅपटॉपच्या बॅटरीतून. जांभ्याच्या जाड भिंतींत सिग्नल बराच गळतो. फोन खिडकीत किंवा पडवीत ठेवा आणि केबल लांब घ्या. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत फोन फाइव्हजी आणि फोरजीमध्ये सतत उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला लॅबची स्क्रीन गोठते. सेटिंगमध्ये नेटवर्क टाइप फोरजीवर बांधून ठेवा. स्पीड कमी दिसेल, काम जास्त होईल.

डेटाचा हिशोब असा: एक एमबीपीएस सलग वापरलात तर तासाला ४५० एमबी. दीड जीबीचा रोजचा पॅक म्हणजे तीन-साडेतीन तास. कमांडच्या कामाला याच्या कितीतरी कमी लागतो, पण लॅबच्या आत व्हिडिओ लावलात तर पॅक तासाभरात संपेल. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, म्हणजे अपडेट मध्येच पॅक खाणार नाही. आणि एक गोष्ट नवखे हमखास उलटी करतात: मोठी फाइल घरी उतरवून लॅबमध्ये चढवतात. ती लॅबच्या मशीनमधल्या ब्राउझरने थेट तिथेच उतरवा. चार जीबीची आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क-फाइल) डेटा सेंटरच्या लाइनवरून पटकन येते आणि तुमच्या पॅकमधून स्क्रीनपुरतेच थोडे एमबी जातात.

ब्राउझरमधून

क्रोमची इनकॉग्निटो विंडो उघडा (एजमध्ये तिला इनप्रायव्हेट म्हणतात). घरचं जीमेल किंवा मायक्रोसॉफ्ट खातं आधीच लॉगिन असेल, तर पोर्टल ते उचलतं आणि ‘परवानगी नाही’ म्हणतं. इनकॉग्निटोत हा घोळ होत नाही. मात्र इनकॉग्निटोत थर्ड-पार्टी कुकी अडवल्या जातात, त्यामुळे कोर्सच्या पानात बसवलेली लॅब कधीकधी कोरी राहते. अशा वेळी त्या साइटपुरत्या कुकी आणि पॉप-अप चालू करा.

कॉपी-पेस्ट चालत नसेल तर पोर्टलचं क्लिपबोर्डचं बटण शोधा. पुष्कळ लॅब अपाची ग्वाकामोलीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये मशीन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बांधलेल्या असतात. तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की बाजूला पॅनल उघडतं, त्यात मजकूर टाकायचा आणि मग मशीनमध्ये पेस्ट करायचा.

रिमोट डेस्कटॉपवरून

विंडोजमध्ये क्लायंट आधीपासून असतो, होम आवृत्तीतही. मॅकसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ॲप’, लिनक्सवर रेमिना. जोडण्याआधी ‘शो ऑप्शन्स’ उघडून पाच मिनिटं द्या:

१. डिस्प्ले: रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, रंग १६ बिट.
२. लोकल रिसोर्सेस: प्रिंटरची खूण काढा, आवाज बंद करा, क्लिपबोर्ड राहू द्या.
३. एक्स्पीरियन्स: वॉलपेपर, ॲनिमेशन आणि फाँट स्मूदिंग काढा. ‘पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग’ आणि ‘रीकनेक्ट इफ द कनेक्शन इज ड्रॉप्ड’ या दोन खुणा मात्र ठेवा.
४. जनरलमध्ये येऊन ‘सेव्ह ॲज’.

लॉगिनला क्लायंट तुमच्या लॅपटॉपचंच नाव पुढे करतो. ‘मोअर चॉइसेस’मधून दुसरं खातं निवडा आणि युजरनेमच्या आधी टिंब व उलटा स्लॅश टाका, याचा अर्थ, खातं त्या मशीनवरचं आहे. हे न केल्याने बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

पासवर्ड नाकारला जाण्याची बाकीची कारणंही साधीच असतात. लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, आणि ठिपक्यांमागे काय टाइप झालं ते दिसत नाही. विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. ईमेलमधून कॉपी करताना शेवटी एक स्पेस चिकटते. लॅबच्या मशीनचा कीबोर्ड यूके लावलेला असेल तर ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह एकमेकांच्या जागी येतात. आधी नोटपॅडमध्ये पासवर्ड टाइप करून बघा.

आतल्या मशीनला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हवं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा.

एसएसएचवरून

आलेली की फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच वापरली, तर एसएसएच ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ म्हणून ती नाकारतो. लिनक्स किंवा मॅकवर सीएचमॉड ४०० द्या, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. तिथे इन्हेरिटन्स बंद करा आणि तुमच्या नावाशिवाय सगळी नावं काढा. युजरनेम मशीनवर अवलंबून असतं: ॲमेझॉनवरच्या उबुंटू मशीनला ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्सला ‘ईसी२-यूजर’, दोन्ही छोट्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ आलं, तर की बघण्याआधी युजरनेम बघा.

आता तो अपवाद. एसएसएचची लाइन तुटली की त्या खिडकीत चालू असलेली कमांडही सहसा मरते. म्हणून आत गेल्या-गेल्या टीमक्स, म्हणजे लाइन तुटली तरी कमांड चालू ठेवणारा प्रोग्राम, सुरू करा आणि सगळं काम त्यात करा. लाइन गेली, परत जोडलंत, ‘टीमक्स अटॅच’ दिलंत की कमांड जिथे होती तिथून पुढे चाललेली दिसते. मुद्दाम बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-बी आणि मग डी. कोकणातल्या पावसाळ्यात टीमक्सशिवाय मोठं इन्स्टॉलेशन सुरू करू नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ रात्री वाचतात. जोडीला क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६० ठेवा. नुसतं वाचत बसल्यावर मोबाइल नेटवर्क शांत लाइन तोडतं, ते थांबतं.

जोडत नाही तेव्हा

आधी पिंग (मशीन जागं आहे का ते विचारणारी कमांड) करू नका. क्लाउडवरची बरीच मशीनं पिंगला उत्तरच देत नाहीत, आणि तेवढ्यावरून लोक मशीन बंद आहे असं ठरवून मोकळे होतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ कमांडला ॲड्रेस आणि पोर्ट देऊन बघा. पोर्ट उघडा दिसला तर रस्ता ठीक, दोष लॉगिनमध्ये.

एसएसएचचा संदेश नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे तुम्ही मशीनच्या दारापर्यंत पोचलात, आतली सेवा अजून उठलेली नाही. नुकतंच चालू केलं असेल तर दोन-चार मिनिटं थांबा. ‘टाइम आउट’ म्हणजे दारापर्यंत पोचलाच नाहीत: ॲड्रेस जुना, मशीन बंद, किंवा फायरवॉल, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारा पहारा. ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा मोठा इशारा आला आणि लॅब नुकतीच नव्याने बांधली असेल, तर ‘एसएसएच-कीजेन’ला वजा आर (मोठ्या लिपीतला) आणि ॲड्रेस देऊन जुनी नोंद काढा. लॅब बदललेली नसताना असा इशारा आला, तर पुढे जाऊ नका, प्रशिक्षकांना विचारा.

‘काल चालत होतं, आज टाइम आउट’ याची दोन कारणं ठरलेली आहेत. पहिलं, मशीन बंद करून चालू केल्यावर त्याचा पब्लिक आयपी बदलतो, तो स्थिर करून घेतला नसेल तर. पोर्टलवरून आजचा ॲड्रेस किंवा नवी आरडीपी फाइल घ्या. दुसरं, तुमचाच आयपी बदललेला असतो. फायरवॉलमध्ये ‘माय आयपी’ निवडून नियम केला, तर तो त्या क्षणीच्या ॲड्रेसला बांधला जातो. मोबाइल नेटवर्कवर तुमचा पब्लिक आयपी शेकडो लोकांत वाटलेला असतो आणि फ्लाइट मोड लावून काढला तरी बदलू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा १० किंवा १०० ने सुरू होणारा ॲड्रेस नियमात टाकून काही होत नाही, तो बाहेर दिसत नाही. ब्राउझरमध्ये ‘माय आयपी’ शोधलं तर बऱ्याचदा आयपीव्ही६चा लांबलचक ॲड्रेस येतो. नियमाला हवा असतो आयपीव्ही४. रोजची कटकट नको म्हणून ०.०.०.०/० टाकून ३३८९ जगाला उघडं करू नका: पासवर्ड फोडणारे बॉट असे पोर्ट सतत शोधत असतात. रोज आयपी बदलणाऱ्यांना ब्राउझरची वाटच बरी.

व्हीपीएन जोडला जातो, छोटी कमांड चालते, पण रिमोट डेस्कटॉप काळा पडतो किंवा मोठी यादी आली की सगळं थांबतं, तर दोष बहुधा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. मोबाइल नेटवर्कच्या वेष्टनात व्हीपीएनचं वेष्टन बसत नाही आणि मोठी पॅकेट वाटेत गळतात. व्हीपीएनच्या कॉन्फिगमध्ये एमटीयू १२८० करून बघा.

ओटीपी ॲपचा सहा आकडी कोड सारखा नाकारला जात असेल तर घड्याळ बघा. तो कोड ३० सेकंदांचा असतो. फोनची वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल, तर लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि प्रत्येक सुरक्षित साइट ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणते. सेल बदलला की भूत उतरतं.

उठताना

खिडकीची फुली दाबणं म्हणजे फक्त लाइन सोडणं. मशीन चालू राहतं आणि लॅबचे ठरलेले तास मोजले जात राहतात. फायली ठेवायच्या असतील तर आधी गिटवर, म्हणजे ऑनलाइन कोड-साठ्यावर, ढकला किंवा उतरवून घ्या. लॅबची मुदत संपली की डिस्कही जाते, आणि ती परत आणून देणं सहसा कोणाच्याच हातात नसतं. मग पोर्टलवरून ‘स्टॉप’. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर विंडोजच्या आतून शट डाउन केलं तरी मशीनचं बिल चालूच राहतं. पोर्टलवर ‘स्टॉप्ड, डीॲलोकेटेड’ दिसेपर्यंत उठू नका. ॲमेझॉनवर आतून बंद केलेलं मशीन सहसा खरंच थांबतं, पण डिस्कचे पैसे दोन्हीकडे लागतात. स्वतःच्या खात्यावर सराव करत असाल, तर कोर्स संपल्यावर मशीन डिलीट करताना डिस्क आणि राखून ठेवलेला पब्लिक आयपी वेगळे तपासा. मशीन गेलं तरी हे दोघे मागे राहू शकतात आणि त्यांचं बिल येत राहतं.