सेप्टिक टँक: काय स्वतः केलं, काय ठेकेदाराला दिलं

सगळंच स्वतः करायचा विचार होता, पण खड्ड्याची खोली बघून टाकीचं काम ठेकेदाराला दिलं. कडा ढासळली तर माणूस गाडला जातो. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. जमीन पाणी किती जिरवते ते मात्र मीच तपासलं. शोषखड्ड्याच्या (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याच्या) जागी छोटा खड्डा घेऊन आदल्या दिवशी भिजवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती वेळात किती उतरतं ते पट्टी लावून पाहिलं. ठेकेदार म्हणाला, "एवढं कोण बघतं?" म्हटलं, मी बघतो.

खरी गोम पाइपांच्या पातळीत निघाली. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप मिस्त्रीने एकाच उंचीला ठेवले होते. बाहेरचा साधारण ५० मिमी खाली हवा, नाहीतर पाणी घराकडच्या पाइपात तुंबून राहतं. लेव्हलची (पाणी भरलेली) नळी धरून फरक दाखवला, तेव्हा कुरकुरत का होईना, त्याने भोक पुन्हा पाडलं. दोन्ही पाइपांच्या टाकीतल्या तोंडाला टी (इंग्रजी T च्या आकाराचे जोड) बसवून घेतले. टीचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे वरचा तवंग शोषखड्ड्यात जात नाही. व्हेंट पाइप (टाकीतला वायू बाहेर सोडणारा) छपराच्या वर, टोकाला जाळी.

शेवटी टाकी भरून ठेवली. भिंती आधी पाणी पितातच, म्हणून पुन्हा भरून खूण केली. पातळी हलली नाही, मगच उरलेले पैसे दिले.