वाचनालयाच्या संगणकावर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती आपोआप उघडावी म्हणून करायची तयारी

रामबागेतल्या आपल्या वाचनालयात काउंटरवर बसणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. फायरफॉक्स या आपल्या नेहमीच्या ब्राउझरची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, आणि मधूनच एखादं बटण जागा बदलतं किंवा मेनू वेगळा दिसू लागतो. ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज) ही फायरफॉक्सचीच, कचेऱ्या आणि शाळांसाठी २०१२ पासून निघणारी आवृत्ती. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण चेहरामोहरा वर्षभर जवळपास तोच राहतो. म्हणून लिंकवर क्लिक केलं की यापुढे ती उघडावी, असं ठरलं आहे. बदल पाच मिनिटांचा आहे. वेळ लागतो तो आधीच्या तयारीला, आणि ती टाळू नका.

आधी दिवस ठरवा. गणपतीत पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका याच संगणकावर होतात, तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघून गेल्यावर, एखाद्या सुटीच्या दिवशीच हात घाला.

मग आज काय चालू आहे ते वहीत लिहा. अॅड्रेसच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, कोलन, सपोर्ट असं सलग टाइप केलं की एक लांबलचक पान उघडतं. त्यातला आवृत्तीचा आकडा आणि ‘अपडेट चॅनल’ची ओळ उतरवून घ्या. आज तिथे ‘रिलीज’ असेल, काम झाल्यावर ‘ईएसआर’ दिसायला हवं. खूण म्हणून हीच ओळ पाहा, कारण चिन्ह आणि नाव दोन्हींचं सारखंच असतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. २०१९ पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवण्याचा फोल्डर, धरतो. म्हणजे ईएसआर पहिल्यांदा उघडेल ती कोरी: ना बुकमार्क, ना पासवर्ड. ‘सगळं पुसलं गेलं’ म्हणून कुणी घाबरायला नको, हे काउंटरवरच्या काकूंना आणि दुपारच्या पाळीच्या काकांना आधीच सांगून ठेवा. जुनं सगळं जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये जागच्या जागी असतं. मात्र तो फोल्डर उचलून ईएसआरला जोडू नका. ईएसआरचा आकडा बहुधा मागचा असतो, आणि पुढच्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल मागची आवृत्ती उघडू देत नाही. नवं प्रोफाइल करा म्हणते. तिने अडवलं नसतं तर आतला डेटा बिघडू शकला असता, म्हणून ती अडवते ते बरंच.

तरीही त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच. अबाउट, कोलन, प्रोफाइल्स या पानावरून फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि मगच कॉपी करा. पासवर्ड आत ‘लॉगिन्स’ आणि ‘की-फोर’ या दोन फायलींत मिळून असतात. एकटी फाइल उपयोगाची नाही, तेव्हा अख्खा फोल्डर घ्या. सामान हलवायचं ते वेगळ्या वाटेने: बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढा आणि पासवर्ड सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) म्हणून, मग ईएसआर बसवल्यावर दोन्ही तिच्यात घ्या. या सीएसव्हीत सगळे पासवर्ड उघडे वाचता येतात. ती डेस्कटॉपवर राहू देऊ नका, काम झालं की रिसायकल बिनमधूनही काढा.

इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून फोल्डरचं नाव वेगळं द्या, नाहीतर ईएसआर आधीच्या फायरफॉक्सच्याच जागी बसू पाहते. मराठी स्पेलिंगचा शब्दकोश आणि इतर अॅड-ऑन पुन्हा टाकावे लागतील. अक्षरांचा मोठा आकारही पुन्हा ठेवा. काकांना त्याशिवाय सूची वाचता येत नाही. मराठी टायपिंगची काळजी नको, ते विंडोजचं आहे.

डिफॉल्ट, म्हणजे लिंकवर क्लिक केल्यावर आपोआप उघडणारा ब्राउझर, बदलताना आपल्या हिंदी विंडोजमध्ये ‘डिफ़ॉल्ट ऐप्स’च्या यादीत दोन्ही फायरफॉक्स एकाच नावाने दिसू शकतात. अंदाजाने निवडू नका. ईएसआर उघडून तिच्याच सेटिंग्जमधलं डिफॉल्ट करण्याचं बटण दाबा. पीडीएफ कशात उघडायची हे वेगळं ठरलेलं असतं. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या सूच्या उघडून तेही बघून घ्या.

टास्कबारवरचं जुनं चिन्ह डिफॉल्टला जुमानत नाही, ते जुनीच आवृत्ती उघडतं. ते काढून ईएसआरचं लावा. मग मेल प्रोग्राममधल्या एखाद्या लिंकवर आणि साठवलेल्या वेबपानावर क्लिक करून दोन्ही वेळा ती ‘अपडेट चॅनल’ची ओळ तपासा.

जुना फायरफॉक्स महिनाभर तसाच असू द्या. काउंटरवरच्या प्रत्येकाची एक तरी पाळी ईएसआरवर नीट पार पडली, वाचनालयाच्या मेलचा पासवर्ड तिच्यात चालला, की मग तो काढा. पेनड्राइव्ह कपाटात, पावतीपुस्तकांच्या खणात ठेवा आणि त्यावर तारीख लिहा.