हार्मोनिक्सवर गिटार लावताना बी तारेपाशी जपून

सोसायटीच्या गणपतीत एकदा स्टेजमागे गिटार लावायला बसलो आणि फोनमधलं ट्यूनर ॲप उघडलं, तर त्याचा काटा बाहेरच्या ढोलावरच नाचायला लागला, माझी तार त्याला ऐकूच येईना. क्लिप-ऑन ट्यूनर घरी राहिलेला. शेवटी गिटारच्या वरच्या कडेला कान चिकटवला, लाकडातून आवाज मस्त ऐकू येतो, आणि हार्मोनिक्सवर लावून टाकली.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा. हार्मोनिक म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला वरचा सूर, आधी तो काढायचा कसा ते. बोट तारेवर दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, तेही दोन पट्ट्यांच्या मधे नाही तर बरोबर धातूच्या पट्टीच्या (फ्रेटच्या) डोक्यावर, दुसऱ्या हाताने ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) तार छेडायची आणि बोट लगेच उचलायचं. घंटीसारखा आवाज आला पाहिजे, 'टक' असा मेलेला आला तर बोट जरा मागेपुढे झालंय किंवा उचलायला उशीर झालाय. १२व्या फ्रेटवर सहज येतो, ७व्यावर थोडी मेहनत, ५व्यावर नवशिक्याला रडवतो. १२ला मोकळ्या तारेच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी मिळते, ७ला तिप्पट, ५ला चौपट, आणि सगळा खेळ या आकड्यांचाच आहे.

सुरुवात ए तारेपासून. ती ११० हर्ट्झची, म्हणजे ५व्या फ्रेटचा हार्मोनिक ४४०, म्हणजे नेमका ट्यूनिंग फोर्कचा (एकच ठरलेला सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्याचा) सूर. फोर्क गुडघ्यावर आपटून त्याचं बूड गिटारच्या ब्रिजवर टेकवा, खणखणीत ऐकू येईल. फोर्क नसेल तर हार्मोनियमची पांढरी सहा घ्या. जुनी पेटी ४४०ला नसेलही, पण तिच्याच साथीला वाजवायचं असेल तर तिचंच खरं!

आता ए तारेचा ५वा (म्हणजे ५व्या फ्रेटवरचा) आणि डी तारेचा ७वा हार्मोनिक पाठोपाठ छेडा आणि दोन्ही एकत्र वाजू द्या. आवाज थरथरेल, वॉव-वॉव-वॉव असा. दोन सुरांत ३ हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला ३ लहरी. खुंटी फिरवताना लहरी मंदावल्या तर बरोबर चाललंय, वेग वाढला तर उलटी फिरवताय. शेवटी खालून वरच यायचं, तार चढी झाली तर चांगली उतरवून परत चढवा, नाहीतर खुंटीतली ढील आणि नटमधे (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीत) अडकलेली तार पहिल्याच गाण्यात दगा देतात. असंच डीचा ५वा आणि जीचा ७वा. मग जाड्या ईचा ५वा आणि एचा ७वा, पण इथे खुंटी ईची फिरवायची, एची नाही (मी कितीतरी वेळा नीट लागलेली ए बिघडवलीय).

पण लहरी पार थांबेपर्यंत लावू नका. फ्रेटच्या हिशोबात, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटमधलं सुरांचं अंतर (सेमीटोन) सगळीकडे सारखं धरून, डी १४६.८३ हर्ट्झची, तिची तिप्पट ४४०.५, म्हणजे ए-डी जोडीत डी किंचित चढी हवी, साधारण दोन सेकंदांना एक लहर. पूर्ण थांबवलंत तर एकेका जोडीत २ सेंटचा फरक राहतो (सेमीटोनचे १०० भाग म्हणजे १०० सेंट), आणि जाड्या ईपासून जीपर्यंत तो ६ होतो.

खरी गंमत बी तारेवर. जी आणि बीमधलं अंतर वेगळं असल्यामुळे ५-७ची जोडी तिथे चालत नाही. मग काही जण जीचा ४था हार्मोनिक बीच्या ५व्याशी जुळवतात, आणि जुळतोही इतका गोड की वाटतं जमलं! कारण तो तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधारच आहे. फक्त गिटारच्या फ्रेट त्या गंधाराच्या नाहीत, तो त्यांच्यापेक्षा तब्बल १४ सेंट उतरलेला असतो. अशी बी लावून डी कॉर्ड वाजवा, तोंड वाकडं होईल.

त्यापेक्षा जाड्या ईचा ७वा हार्मोनिक घ्या (२४७.२ हर्ट्झ) आणि मोकळी बी (२४६.९) त्याला मिळवा, एवढा फरक चालतो. बारीक ई मात्र जाड्या ईच्या ५व्या हार्मोनिकला अगदी लहर थांबेपर्यंत मिळवा, तिथे हिशोब चोख बसतो.

शेवटी पडताळा. जी तार २ऱ्या फ्रेटवर दाबून एच्या १२व्या हार्मोनिकशी ताडून बघा, बी ३ऱ्यावर दाबून डीच्या १२व्याशी. जी तार जोरात दाबली तर चढी होते, हलक्या हाताने दाबा. सगळं करूनही वरच्या फ्रेटवर बेसूर वाटत असेल तर एकेका तारेचा १२वा हार्मोनिक आणि १२व्यावर दाबलेला सूर एकच येतोय का बघा, येत नसेल तर तारा जुन्या झाल्यात किंवा सॅडल (ब्रिजवरची तारांखालची पट्टी) सरकवायला हवं. आणि नव्या तारा घातल्या असतील तर हे सगळं पहिल्या दिवशी चार-पाचदा करावं लागणार, हाताने ओढून ताणून घेतल्यात तर दोन-तीनदा.